पितळ एकदाच वाकतं

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पितळ कानसलं की संध्याकाळी साडीच्या निऱ्यांत, बांगड्यांच्या फटीत, डब्याच्या झाकणात पिवळा चुरा सापडायचा. झटकला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. किस्स्यांचंही तेच. संध्याकाळच्या लोकलनं मी लोणावळ्याहून तळेगावला उतरायची आणि तिथून वराळ्यापर्यंत मैत्रिणीबरोबर चालत जायची. ती विचारायची, आज काय झालं? मी म्हणायची, काही नाही. मग घर येईपर्यंत माझं बोलणं संपायचं नाही. शेवटी तीच म्हणाली, "लिहून काढ बाई. नाहीतर मी लोकांना सांगीन आणि सांगताना पदरचं घालीन." म्हणून हे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दोनदा सांगावं लागायचं. आम्ही विमानं बनवत होतो. हातभर लांबीची. विमान कंपन्यांच्या तिकीट ऑफिसात काचेमागे ठेवायला, नाहीतर फ्लाइंग क्लबच्या हॉलमध्ये मांडायला. अंग लाकडाचं आणि बारीकसारीक सगळं पितळेचं. पायलटची खुर्ची, चाकांवरची दारं, चढायची शिडी, पंख्याची पाती. हे भाग कागदासारख्या पातळ पत्र्यावर फोटोनं उतरवायचे आणि छापखान्याचे ब्लॉक करतात तसे ॲसिडनं कोरून काढायचे. पत्र्यातून सोडवले की ते अगदी सपाट असतात. ते वाकवून, दुमडून, पीळ देऊन खऱ्यासारखे करायचे, हे माझं काम. जिथं घडी घालायची तिथं ॲसिडनं पत्रा अर्धाच खाल्लेला असतो, केसाएवढी रेघ दिसते. त्या रेघेवर पितळ एकदाच वाकतं. चुकलं म्हणून उलटं उघडायला गेलात तर तुटून हातात येतं.

वर्कशॉप म्हणजे तुंगार्लीच्या रस्त्याला एका बंगल्यामागची पत्र्याची शेड. मालक वर्तक साहेब, एअर फोर्समध्ये विमानातली घड्याळं आणि मीटर दुरुस्त करून रिटायर झालेले. कोरायला युसुफभाई, पुण्यात वीस वर्षं ब्लॉकमेकर होते. लाकडाला टाकव्याचे शंकरभाऊ, ज्यांनी आधी जन्मभर बैलगाड्या केल्या. पितळ वळायला बेडश्याच्या सरूमावशी. त्या सही करत नसत, अंगठा देत; पण त्याच अंगठ्यानं तांदळाच्या दाण्याएवढी खुर्ची घडवत. आणि पाचवी मी. बी.एस्सी., फिजिक्स. आणि दचकी.

दचकी म्हणजे किती, तर दार आपटलं, इंजिनानं शिट्टी मारली, कुणी मागून नुसतं नाव घेतलं, तरी माझे दोन्ही हात वर उडतात. लहानपणापासूनचं आहे. साहेबांनी पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं. वडिलांनीही तेवढीच मुदत दिली. कायम झाले तर ठीक, नाहीतर सोलापूरला आत्याकडे जायचं. तिच्या ओळखीच्या शाळेत एक जागा रिकामी होती. आत्याकडे मी एकदा उन्हाळ्याची सुट्टी काढली आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की ट्रायलचा एकेक दिवस मी कॅलेंडरवर खोडत होते.

*

पहिल्या दिवशी साहेबांनी मला पायलटच्या पायाखालचं पेडल दिलं. मुंगीएवढा पत्रा. त्याच्या दोन कडा वर उचलायच्या, बस. मी चिमट्यात धरलं, श्वास रोखला, आणि घाटात गाडी ढकलायला निघालेल्या इंजिनानं स्टेशनावरून शिट्टी दिली. चिमटा हातात राहिला, पेडल गेलं.

अशा वेळी तिथं एक रीत होती. वस्तू उडाली की ज्याची उडाली त्यानं "गेलं" म्हणायचं, आणि बाकीच्यांनी असेल तिथं थांबायचं. पाऊल उचललं असेल तर ते खाली ठेवायचं नाही. शंकरभाऊ उंबरठ्यावर एका पायावर उभे राहिले. युसुफभाईंचा कप ओठापाशी थांबला. मग ज्याच्या आसपासची जमीन मोकळी असेल त्यानं आधी स्वतःपुरतं बघायचं, मग शेजाऱ्याचं. केरसुणी तर शेडमध्ये आणायचीच नाही.

सगळ्या शोधाची पुढारी सरूमावशी. त्यांनी मला पदर झटकायला लावला, शंकरभाऊंच्या चपला उलट्या केल्या, युसुफभाईंचा चहा गाळून बघितला. तासभर आम्ही रांगत होतो. मी मनातल्या मनात सोलापूरची गाडी धरली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर ओट्यावर बसलो. साहेब मावशींशी काहीतरी बोलता बोलता मध्येच म्हणाले, "मावशी, हलू नका."

मावशी मेण लावून त्यावर कुंकू लावायच्या. त्या मेणात, कपाळाच्या बरोबर मधोमध, पेडल बसलं होतं. साहेबांनी चिमट्यानं काढलं, भिंगातून पाहिलं आणि मला परत दिलं. "कुंकू पुसून घ्या," म्हणाले, "बाकी ठीक आहे."

*

पंधरा दिवसांनी मी चाकांची दारं केली. चार दारं, दोन डाव्या पंखाखाली, दोन उजव्या. पत्र्यात चारही सारखीच दिसतात, फरक फक्त घडी कुणीकडे घालायची एवढाच. मी अतिशय काळजीपूर्वक, दर घडीला ड्रॉइंग बघून, चारही दारं डावी केली.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी आधी खिडकीबाहेर बघितलं, मग घड्याळाकडे, मग मावशींकडे. त्यांनी दारं तळहातावर घेतली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कागदाकडं काय बघतीस? कागदाला डावा-उजवा हात हाय व्हय? बैलं बघ."

मग त्यांनी शिकवलं. त्यांच्या घरची जोडी ढवळ्या आणि पवळ्या. ढवळ्या कायम डावीकडे जुंपायचा, पवळ्या उजवीकडे. जागा बदलली तर दोघंही पाऊल टाकत नाहीत. विमान म्हणजे पुढं तोंड केलेली गाडी. हे दार ढवळ्याचं, ते पवळ्याचं. ढवळ्याच्या दाराची घडी पवळ्याकडे बघते. मला चार वर्षांच्या फिजिक्समध्ये जे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. नवीन पत्र्यातली दारं पहिल्या फटक्यात बरोबर आली.

त्यानंतर मी माझ्या ड्रॉइंगवर डावं-उजवं लिहिणं सोडून पेन्सिलीनं ढ आणि प लिहायला लागले. शंकरभाऊंनी ते पंखांवर खडूनं लिहायला सुरुवात केली. मग साहेबांनीही, घाईघाईत, पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला पाठवायच्या नकाशावर तेच, बैलांच्या पूर्ण नावांसकट, उतरवलं. नकाशा गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोन दिवस ते पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं टाइप केलेलं इंग्रजी पत्र आलं. नकाशा पसंत होता. एकच हरकत होती, की ढवळ्या बाजूचा पंख किंचित खाली वाटतो.

*

युसुफभाईंचं सगळं काम उन्हावर. पत्र्याला औषधाचा लेप द्यायचा, वर नेगेटिव्ह ठेवायची, काचेच्या चौकटीत घट्ट बसवायचं आणि आठ मिनिटं कडक ऊन दाखवायचं. पुण्यात यासाठी मोठा दिवा असे. आमच्याकडे दिवा नव्हता, आणि लोणावळ्याला श्रावणात ऊन नव्हतं. ढग खिडकीतून आत येऊन टेबलावर बसत. समोरचा माणूस दिसायचा नाही, नुसता त्याचा खोकला ओळखू यायचा.

मग युसुफभाई चौकट काळ्या फडक्यात गुंडाळून पुण्याच्या बाजूच्या लोकलमध्ये बसायचे आणि जिथं ऊन दिसेल तिथं उतरायचे. एकदा कामशेतला ऊन दिसलं. उतरून त्यांनी फलाटाच्या टोकाला चौकट दगडावर तिरकी लावली, फडकं काढलं आणि हातात घड्याळ धरून उभे राहिले.

तिथं लग्नाला निघालेलं एक कुटुंब बसलं होतं. आबा, आजीबाई, दोन सुना, पोरं. त्यांनी काळं फडकं पाहिलं, काच पाहिली, घड्याळ पाहिलं. आबांनी फेटा सारखा केला आणि सगळ्यांना चौकटीसमोर उभं केलं. युसुफभाई त्यांना बाजूला व्हा म्हणणार होते, पण सावली पडत नव्हती आणि घड्याळावरून नजर हलवायची सोय नव्हती. ते एवढंच म्हणाले, "हलू नका." ते चौकटीपाशी येऊ नका या अर्थानं.

आठ मिनिटं झाली. युसुफभाईंनी फडकं टाकलं. आबा पुढे आले, म्हणाले, फोटू कवा मिळंल? युसुफभाईंनी खरं ते सांगितलं, की हा फोटो नाही, विमानाच्या खुर्च्या आहेत.

"मंग आमाला कशाला हुबं केलं?"

"मी कुठं केलं, आबा? तुम्हीच राहिलात."

गाडी आली म्हणून भांडण तिथंच राहिलं. आम्हाला सांगताना युसुफभाईंना हसू येत नव्हतं. उलट थोडे हळवेच झाले होते. म्हणाले, "पण काय लोक होते! आठ मिनिटं. लहान पोरंसुद्धा हलली नाहीत. वीस वर्षं पुण्यात धंदा केला, असं गिऱ्हाईक नाही मिळालं."

*

माझ्या दचकण्यावर सगळ्यांनी मिळून इलाज काढले. शंकरभाऊ आत येण्याआधी दाराबाहेर दोनदा खोकायचे. युसुफभाई ट्रे ठेवण्याआधी सांगायचे की आता ट्रे ठेवतो. मावशींना इंजिन निघण्याआधी जमिनीतून कळायचं. त्या नुसतं "हात खाली" म्हणायच्या, आणि आम्ही पाचही जण चिमटे ठेवून शिट्टीची वाट बघायचो. साहेबांना यातलं काही जमलं नाही. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर ते आधी समोर येऊन उभे राहायचे आणि माझी नजर वर जाईपर्यंत थांबायचे. कधीकधी पाच-पाच मिनिटं.

एक दिवस वीज कंपनीचा माणूस मीटर बघायला सरळ आत घुसला आणि मोठ्यानं म्हणाला, "मीटर कुठंय?" माझी शिडी उडाली. मी "गेलं" म्हटलं. चौघंही जागच्या जागी गोठले. त्यानं विचारलं, काय झालं? तो पुढे पाऊल टाकणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "पाय खाली ठिवू नगंस." तो एका पायावर उभा राहिला.

शिडी त्याच्या त्याच पायाखाली, दोन बोटांवर होती. ती उचलल्यावर साहेबांनी त्याला मीटर दाखवला. त्यानं आकडा लिहून घेतला, टोपी घातली आणि जाताना मला हळूच विचारलं, "ताई, इथं रोज असंच असतं का?" मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यापासून तो दाराबाहेर दोनदा खोकायला लागला.

*

शंकरभाऊंनी सतरा विमानं केली होती, पण खरं विमान जवळून पाहिलं नव्हतं. आकाशात जातं तेवढंच. साहेबांना वाटलं, एकदा सगळ्यांना दाखवावं. ओळखीच्या फ्लाइंग क्लबची परवानगी काढून ते आम्हाला पुण्याला घेऊन गेले. मावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

हँगरमध्ये एक छोटं शिकाऊ विमान उभं होतं. शंकरभाऊंनी त्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. पंखावरून हात फिरवला. एक डोळा मिटून शेपटापासून नाकापर्यंत ओळ पाहिली. मावशी खाली बसून चाकाजवळचं दार निरखत होत्या. तिथला मेकॅनिक कौतुकानं बघत होता. त्यानं विचारलं, कसं वाटलं?

शंकरभाऊ साहेबांकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, रिवेटा एका वळीत न्हाईत. आपण आसलं काम भायेर जाऊ देत न्हाई."

मावशींनी मान डोलावली. "दार बी घाईत वळलंय."

*

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी वडील बघायला आले. ते वराळ्याच्या शाळेत हेडमास्तर आहेत. मुलगी नेमकं काय करते हे त्यांना कुणी विचारलं की सांगता येत नव्हतं, हे त्यांचं दुखणं होतं. येताना त्यांनी सोलापूरच्या आत्याचं पत्र बरोबर आणलं होतं आणि ते कोटाच्या वरच्या खिशात, दिसेल असं ठेवलं होतं.

साहेबांनी त्यांना माझ्या टेबलासमोर खुर्ची दिली. त्या दिवशी मी प्रवाशांच्या सीट वळत होते. अठरा झाल्या होत्या, बावीस राहिल्या होत्या. वडील समोर असल्यामुळे मी प्रत्येक घडी ड्रॉइंगवर दोनदा ताडून बघत होते. एक सीट करायला मला दहा मिनिटं लागत होती, आणि तेवढ्यात शेजारी मावशींच्या चार होत होत्या. वडिलांनी तासभर बघितलं. वर्गात मागच्या बाकावर बसून तपासणी करतात तसं. मग साहेबांना विचारलं, "या कामाला बी.एस्सी. लागते का हो?"

साहेबांनी मावशींच्या रांगेकडे पाहिलं, माझ्या रांगेकडे पाहिलं. म्हणाले, "नाही. पण आड येते असंही दिसत नाही. फक्त हात उशीर करतात."

"म्हणजे जमेल?"

"अजून महिना आहे," साहेब म्हणाले.

वडिलांनी खिशातलं पत्र थोडं आणखी वर काढून ठेवलं. मावशी मान खाली घालूनच म्हणाल्या, "मास्तर, साळंत पोरगं धा दिसात पाढं म्हणतं व्हय?" वडील म्हणाले, नाही. मावशी म्हणाल्या, "मंग चहा घ्या."

*

आता शेवटचा. हा मी मैत्रिणीला तीनदा सांगितला आहे आणि तिन्ही वेळा आम्ही वराळ्याची वेस ओलांडून पुढं गेलो.

ट्रायलचा शेवटचा दिवस. एका फ्लाइंग क्लबसाठी जुनं लढाऊ विमान पुरं झालं होतं, फक्त नाकावरचा पंखा बाकी होता. तीन पात्यांचा. क्लबचे सेक्रेटरी चार वाजता गाडी घेऊन ते न्यायला येणार होते. साहेबांनी सकाळी पंखा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा." परीक्षा आहे असं म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

पात्याचं काम असं. सपाट पातं दोन पकडींत धरायचं आणि बुडाशी पीळ द्यायचा. घाबरत घाबरत, थोडा थोडा पीळ दिलात तर पितळ स्प्रिंगसारखं परत येतं आणि पातं मरगळलेलं दिसतं. एका झटक्यात, हवं त्याच्या किंचित पुढं नेऊन सोडावं लागतं. पत्र्यात नऊ पाती होती. दुपारपर्यंत मी सहा मरगळवली. तीन उरली. त्यातलं एकही गेलं तर पंखा नाही, आणि नवा पत्रा कोरायला ऊन नाही.

मावशींनी ती तिन्ही पाच मिनिटांत केली असती. पण साहेबांचा नियम होता की एका पंख्याला एकच हात. प्रत्येकाचा पीळ वेगळा असतो. दोघांनी केलेला पंखा फुंकर मारून फिरवला की डोलतो.

तीन वाजता मी सातवं पातं पकडीत धरलं. धरून बसले. तेवढ्यात शेडच्या पत्र्यावर वानरानं उडी मारली. धाडकन आवाज झाला, माझे हात उडाले, पण पातं पकडीतच राहिलं आणि त्याला एका झटक्यात पीळ बसला. साहेबांनी ते घेतलं, भिंग लावलं, उजेडात फिरवलं. म्हणाले, "असंच. असंच आणखी दोन."

असंच म्हणजे कसं, हा प्रश्न होता. मी आठवं धरलं. वानर परत येईना. शंकरभाऊ बाहेर जाऊन पत्र्यावर दगड टाकायला लागले, पण मला ते खिडकीतून दगड निवडताना दिसत होते. युसुफभाईंनी माझ्या मागे रिकामा ट्रे पाडला. पण सवयीनं आधी सांगितलं की आता ट्रे पाडतो. मग साहेब स्वतः उठले. माझ्या पाठीमागे गेले, घसा साफ केला आणि ड्रॉइंगचा नंबर वाचावा तशा आवाजात म्हणाले, "भॉक."

माझा हात तसूभर हलला नाही. तीन महिन्यांत इतका स्थिर कधीच नव्हता.

साडेतीनला, अर्धा तास आधीच, फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. आठवं पातं झालं. सेक्रेटरी आत आले, उंच, चष्मेवाले. त्यांना दारातच थांबवलं. कुणी का ते सांगितलं नाही. ते टोपी हातात धरून उभे राहिले आणि आम्ही सगळे नवव्या पात्याकडे बघत राहिलो. हे शेवटचं. मी पकडी लावल्या. पिळायला गेले तर बोटं पुन्हा तशीच, घाबरत घाबरत, थोडी थोडी. मी थांबले. आता पितळ एकदाच वाकणार होतं, आणि ते कसं हे मला दिसत होतं. सोलापूरही दिसत होतं.

मावशी उठल्या. माझ्या कानाशी वाकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, साहेबानं तुला कायम केलीया. सकाळीच तुज्या बापाला पत्र धाडलंय."

माझे हात उडाले.

साहेबांनी पातं माझ्या पकडीतून सोडवून घेतलं. तिन्ही नाकावरच्या फिरत्या बोंडीत बसवली, कथलाचा डाग दिला, गार होऊ दिलं आणि फुंकर मारली. पंखा फिरला. तीन पाती दिसेनाशी झाली, नुसतं एक पिवळं चक्र. डोललं नाही. सेक्रेटरी दारातून म्हणाले, सुंदर. शंकरभाऊंनी विमान गवतात बसवून पेटी बंद केली आणि गाडीत नेऊन ठेवली. गाडी गेली.

मग मी धीर करून साहेबांच्या टेबलासमोर गेले आणि म्हटलं, "साहेब, वडिलांना पत्र टाकलंत, आभारी आहे."

साहेबांनी वर पाहिलं. "कसलं पत्र?"

मी सांगितलं. शेडमध्ये कुणी हलेना. युसुफभाई बाटलीचं बूच बघत होते. मावशी चिमटे पुसून एका ओळीत लावत होत्या, एक झाला की दुसरा, आणि त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

साहेबांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, पत्रांचं रजिस्टर काढलं, पेनाचं टोपण फिरवलं आणि माझ्या वडिलांचं नाव लिहिलं.

"मावशी," ते म्हणाले, "पत्र धाडलंत की मला सांगत जा. जावक नंबर टाकायचा असतो."